२८८० की ३०१?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. बारावीत आहे, भौतिकशास्त्राची वही सोबत घेऊनच आलेला. विहिरीवरची मोटर जळाली होती, ती वायंडिंगला टाकलेली परत आणायची होती, म्हणून त्यालाही बरोबर नेलं. दुकानात मोटर गाडीत चढवताना त्यानं नेमप्लेट वाचली: ५ एचपी, २८८० आरपीएम, म्हणजे मिनिटाला २८८० फेरे. येताना रस्ताभर गप्प होता. घरी आल्यावर वही उघडून म्हणाला, "मामा, पुस्तकातल्या सूत्रानं या मोटरचा कोनीय वेग ३०१.६ येतोय आणि प्लेटवर तर २८८० लिहिलंय. चूक कुणाची?"

चूक कुणाचीच नाही. एखाद्या गावाचं अंतर कुणी कोसात सांगतं, कुणी किलोमीटरमध्ये, म्हणून गाव जवळ येत नाही की लांब जात नाही. तसंच हे. पण त्याचा प्रश्न मला आवडला, कारण तंत्रनिकेतनात वीस वर्षं शिकवताना हीच अडचण मी दरवर्षी पाहतो. मुलांना सूत्र पाठ असतं. आलेला आकडा आरपीएम आहे की आणखी काही, हे मात्र विचारलं की गोंधळतात.

फिरणाऱ्या वस्तूला विचारायचे प्रश्न दोनच: किती फिरलीस, आणि किती वेळात? पहिल्याचं उत्तर अख्ख्या फेऱ्यांत देता येतं, अंशांत देता येतं, रेडियनमध्ये देता येतं. दुसऱ्याचं सेकंदात, मिनिटात, तासात किंवा दिवसात. पहिलं उत्तर वर, दुसरं खाली ठेवून भागलं की कोनीय वेग. वरचं एक आणि खालचं एक उचललं की झालं एकक तयार. फेरे आणि मिनिट घेतलं की आरपीएम. अंश आणि सेकंद घेतलं की मोबाइलमधल्या सेन्सरची भाषा. रेडियन आणि सेकंद घेतलं की पाठ्यपुस्तकाची. एककं पाहून घाबरायला होतं, पण बदलायच्या जागा दोनच आहेत. आधी वरची बदला, मग खालची. दोन्ही एकदम बदलायला गेलं की साठ गुणायचे की भागायचे, हा घोळ सुरू होतो.

यातलं एक रूपांतर तर प्रत्येकाच्या घरात भिंतीवर टांगलेलं असतं. घड्याळाचा सेकंदकाटा मिनिटाला एक फेरा मारतो, म्हणजे त्याचा वेग बरोबर १ आरपीएम. एका फेऱ्याचे ३६० अंश, मिनिटाचे ६० सेकंद, भागाकार ६. सेकंदाला ६ अंश. डायलवरच्या दोन बारीक रेघांमधली फट म्हणजेच हे ६ अंश. तेव्हा आरपीएमला ६ नं गुणलं की अंश प्रति सेकंद मिळतात आणि ६ नं भागलं की परत आरपीएम. आपल्या मोटरचे झाले १७,२८० अंश प्रति सेकंद. मिनिटकाटा याच हिशेबानं मिनिटाला ६ अंश सरकतो आणि तासकाटा मिनिटाला अर्धा अंश. स्पर्धा परीक्षेतली काट्यांची गणितं याच दोन आकड्यांवर चालतात. तीन वाजता दोघांमध्ये ९० अंश असतात, मिनिटकाटा दर मिनिटाला साडेपाच अंशांनी जवळ येतो, म्हणजे ९० भागिले ५.५, सुमारे १६.४ मिनिटांनी ते एकमेकांवर येतात. मुलं हे गणित "युक्ती" म्हणून पाठ करतात. खरं तर ती दोन कोनीय वेगांची वजाबाकी आहे.

आता रेडियन. भाच्याचा खरा राग यावरच होता. "३६० अंश इतके छान असताना ६.२८ कशाला?"

३६० हा आकडा माणसानं सोयीसाठी निवडलेला आहे. बॅबिलोनमध्ये मोजणी साठाच्या पटीत चालायची, तिचा हा वारसा. २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२ यांतल्या कशानंही भागा, बाकी उरत नाही, म्हणून तो टिकला. रेडियन मात्र कुणी निवडलेला नाही. स्वयंपाकघरातली थाळी घ्या, मध्यापासून काठापर्यंत दोरा धरा आणि तेवढाच तुकडा कापा. तो तुकडा आता काठाच्या गोलाईवर बसवा. तुकड्याच्या दोन टोकांपासून थाळीच्या मध्याकडे रेघा ओढल्या, तर त्यांच्यामधला कोन म्हणजे १ रेडियन. थाळी लहान असो वा परात असो, कोन तोच येतो: ५७.३ अंश, जरा जास्त काटेकोर हवा तर ५७.२९५८. असे तुकडे एकामागोमाग लावत गेलात, तर पूर्ण काठावर सहा बसतात आणि वर थोडी जागा उरते. ही उरलेली जागा ०.२८३ तुकड्याची. म्हणून एक फेरा म्हणजे ६.२८३ रेडियन, दोन गुणिले पाय (π). रॉजर कोट्स या इंग्रज गणितज्ञाच्या लक्षात हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच आलं होतं. नाव मात्र बरंच उशिरा मिळालं. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजमधले प्राध्यापक जेम्स थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्विन यांचे थोरले भाऊ, यांनी १८७३ मध्ये परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत 'रेडियन' हा शब्द छापला. थोडक्यात, या शब्दाचा जन्मच परीक्षेत झालेला आहे. मुलांना तो नकोसा वाटतो यात नवल नाही!

दोऱ्याच्या या खेळातच रेडियनचं काम लपलेलं आहे. कोन रेडियनमध्ये असेल, तर त्याला त्रिज्येनं गुणलं की काठावरचं अंतर थेट मिळतं. छताचा पंखा घ्या. नेहमीच्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याची त्रिज्या ०.६ मीटर. तो पूर्ण वेगात ३६० आरपीएमनं फिरतो असं धरू, म्हणजे सेकंदाला ६ फेरे, ३७.७ रेडियन. त्याला ०.६ नं गुणा: पात्याचं टोक सेकंदाला २२.६ मीटर पळतं. ताशी ८१ किलोमीटर. डोक्यावर निवांत घरघरणारा पंखा महामार्गावरच्या गाडीच्या वेगानं चाललेला असतो. आता हाच गुणाकार अंशांनी करून बघा. २१६० गुणिले ०.६, १२९६. हे मीटर नव्हेत, अंश नव्हेत, कशालाच लागू नसलेला आकडा आहे. गोल फिरण्यातून सरळ रेषेतल्या गोष्टीकडे, म्हणजे मीटरकडे, बलाकडे, वॉटकडे जायचं असेल, तर वाट रेडियनमधूनच जाते. फिरण्यापुरतंच बोलायचं असेल, तर कुठलंही एकक चालतं.

हिशेब मांडताना मी मुलांना आकड्यांशेजारी शब्द लिहायला लावतो. २८८० फेरे भागिले मिनिट. याला गुणिले ६.२८३ रेडियन भागिले १ फेरा. वर फेरा, खाली फेरा, दोन्ही कटले. मग गुणिले १ मिनिट भागिले ६० सेकंद. मिनिट खाली होतं, आता वरही आलं, कटलं. उरले रेडियन भागिले सेकंद, आणि आकडा ३०१.६. ज्या शब्दाला काढून टाकायचं आहे तो समोरच्या बाजूला यायला हवा, एवढं पाहिलं की गुणायचं का भागायचं हा प्रश्न पडतच नाही. पूर्ण गुणकच लक्षात ठेवायचा असेल तर १ आरपीएम म्हणजे ०.१०४७ रेडियन प्रति सेकंद, आणि उलट १ रेडियन प्रति सेकंद म्हणजे ९.५५ आरपीएम.

तोंडी करायचं असेल तर याहून सोपं आहे. आरपीएमचा दहावा भाग घ्या आणि त्यात शेकडा पाच मिळवा. २८८० चा दहावा भाग २८८, त्याचे पाच टक्के साधारण १४, झाले ३०२. खरं उत्तर ३०१.६. वर्कशॉपमध्ये उभ्या उभ्या एवढं पुरतं. आणि मुख्य म्हणजे चूक लगेच पकडली जाते. रेडियनचा आकडा आरपीएमच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा नसेल, किंवा अंशांचा आकडा सहापट नसेल, तर कुठेतरी साठ उलटे लागले आहेत.

भाच्यानं मग विचारलं, की वायंडिंगवाल्याचं आयुष्य ३०१.६ शिवाय अडत नाही, मग आपलंच का अडतं? बरोबर आहे. त्याचं अडत नाही, कारण त्याला तुलना करायची असते. पिठाच्या गिरणीत मोटरवर ४ इंची पुली आणि जात्याच्या बाजूला १२ इंची पुली, मध्ये पट्टा. मोटर १४४० आरपीएमची, तर जातं ४८० नं फिरणार. पुलीचा व्यास तिप्पट, फेरे एक तृतीयांश. यात रेडियन घातले काय आणि अंश घातले काय, दोन्ही बाजूंना तेच लागतं आणि कटून जातं. मोटरचे फेरे फेऱ्यांशी ताडून पाहायचे असतील, तर रूपांतर करणं म्हणजे नुसती हमाली.

अडतं ते टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, काढताना. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग, आणि हे सूत्र फक्त रेडियन प्रति सेकंदाला ओळखतं. ५ एचपी म्हणजे सुमारे ३७०० वॉट. ३७०० भागिले ३०१.६, साधारण १२.३ न्यूटन-मीटर. हा मोटरच्या शाफ्टवरचा खरा पीळ. घाईत २८८० नंच भागलं तर येतात १.३ न्यूटन-मीटर. त्या आकड्यावर शाफ्ट आणि त्यावर पुली घट्ट धरणारी किल्ली निवडली तर काय होईल, हे सांगायला अभियंता लागत नाही. हीच मोटर १४४० ची असती तर टॉर्क दुप्पट, साडेचोवीस. म्हणूनच त्याच हॉर्सपॉवरची सावकाश फिरणारी मोटर हातात जास्त जड लागते. तिला तेवढ्याच शक्तीसाठी जास्त पीळ द्यायचा असतो, म्हणून लोखंड आणि तांबंही जास्त लागतं.

२८८० च का, हाही एक मजेशीर धागा आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० फेरे मारतं, म्हणजे मिनिटाला ३०००. आतला रोटर त्या क्षेत्रामागे धावतो पण त्याला कधीच गाठत नाही, गाठलं तर त्याच्यात वीज निर्माणच होणार नाही आणि ओढ संपेल. हा मागे राहण्याचा फरक, ज्याला स्लिप म्हणतात, इथे चार टक्के आहे. ३००० मधून १२० गेले, राहिले २८८०. चार ध्रुवांच्या मोटरला क्षेत्राचे १५०० फेरे मिळतात, त्यातून चार टक्के गेले की १४४०. बाजारात हे दोन आकडे पुन्हा पुन्हा दिसतात ते यामुळे.

आणि इथेच सगळ्यात लबाड सापळा आहे. ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. त्याच विजेची कोनीय वारंवारता सूत्रात ३१४ म्हणून येते, कारण ५० गुणिले ६.२८३. हर्ट्झ आणि रेडियन प्रति सेकंद या दोन्हींची मिती, म्हणजे त्यांत लांबी, वेळ वगैरे काय काय आहे ते, काढायला गेलं तर 'एक भागिले सेकंद' एवढंच उरतं. रेडियन म्हणजे लांबीला लांबीनं भागलेलं, त्याला स्वतःची मितीच नाही. त्यामुळे एरवी चूक पकडून देणारी मितींची पडताळणी इथे काहीच बोलत नाही. ५० च्या जागी ३१४ किंवा ३१४ च्या जागी ५० लिहिलं, तरी समीकरण दिसायला निर्दोष. उत्तर मात्र सव्वासहापट चुकलेलं. उत्तरात सव्वासहाचा, नाहीतर त्याच्या वर्गाचा म्हणजे साडेएकोणचाळीसचा फरक येऊ लागला, की मी दुसरं काही तपासत नाही, थेट हर्ट्झ शोधतो.

वर्गाचा उल्लेख आलाच आहे तर कपडे धुण्याचं यंत्र बघून घेऊ. पिळताना ड्रम ७०० आरपीएमनं फिरतो असं समजा, त्रिज्या २५ सेंटिमीटर. ७०० आरपीएम म्हणजे ७३.३ रेडियन प्रति सेकंद. ड्रमच्या भिंतीवर कपड्याला मिळणारं त्वरण म्हणजे या वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या: ७३.३ गुणिले ७३.३ गुणिले ०.२५, साधारण १३४० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ १३७ पट. ओल्या चादरीतलं पाणी ड्रमच्या भोकांतून जातं ते उगाच नाही. इथे कोनीय वेग वर्गात असल्यामुळे चूकही वर्गात वाढते. साठनं भागायचं विसरलात, तर उत्तर साठपट नव्हे, ३६०० पट फुगतं.

आतापर्यंत झाली वेगवान मंडळी. आता सगळ्यात सावकाश फिरणाऱ्या पण सगळ्यांना सोबत घेऊन फिरणाऱ्या वस्तूकडे वळू. पृथ्वीचा वेग आरपीएममध्ये सांगितला तर ०.०००६९, म्हणजे कुणाच्याच कामाचा नाही. रेडियन प्रति सेकंदात तर ०.००००७२९. आकडे इतके बारीक झाले की समजायचं, एकक या कामाचं नाही. म्हणून इथे अंश आणि तास घेतात. ३६० भागिले २४, तासाला १५ अंश. एका अंशाला ४ मिनिटं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, म्हणून ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. मुंबईचा रेखांश ७२.८ च्या आसपास, गुणिले ४, साधारण २९१ मिनिटं, म्हणजे ४ तास ५१ मिनिटं. जुनी 'मुंबई टाइम' नेमकी हीच होती. प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. एका कोनीय वेगाचं रूपांतर करायचं आणि दोन घड्याळांत अर्ध्या शतकाचं भांडण, असा तो मामला.

आपल्या पंचांगाची एककं या कामाला तर फारच चपखल बसतात. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं, पळाचे ६ प्राण. घटिका म्हणजे २४ मिनिटं, पळ २४ सेकंदांचं आणि प्राण ४ सेकंदांचा, एका निवांत श्वासाएवढा. दुसऱ्या बाजूला ३६० अंश, अंशाच्या ६० कला. आता गुणाकार करा. दिवसाचे प्राण २१,६०० आणि वर्तुळाच्या कलाही २१,६००. म्हणजे पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते. कसलाही गुणक नाही, पाय नाही, साठनं भागणं नाही. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'त हेच वाक्य आहे: 'प्राणेनैति कलां भूः', प्राणात भू एक कला जाते. पृथ्वीच्या कोनीय वेगाचं इतकं नेटकं विधान मला दुसरीकडे कुठे भेटलेलं नाही. पुढे काही टीकाकारांना पृथ्वी फिरते हे पचेना, त्यांनी 'भूः' च्या जागी 'भं', म्हणजे तारामंडळ, असा पाठ घेतला. एक अक्षर बदलून पृथ्वी थांबवली आणि आकाश फिरवलं.

त्याच ग्रंथात एका महायुगातले, म्हणजे ४३,२०,००० वर्षांतले, पृथ्वीचे फेरे दिलेले आहेत: १,५८,२२,३७,५००. त्या काळातले सावन दिवस, म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय मोजलेले, याहून बरोबर ४३,२०,००० नं कमी, कारण वर्षातून एक फेरा सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेत खर्ची पडतो. या दोन आकड्यांचा भागाकार केला की पृथ्वीच्या एका फेऱ्याला लागणारा वेळ येतो २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. आजचा आकडाही तोच आहे, फरक सेकंदाच्या अंशात. तेव्हा तासाला १५ अंश हा वेग सूर्याच्या हिशेबानं, ताऱ्यांच्या हिशेबानं १५.०४. दुर्बिणीच्या मोटरला हा ०.०४ पाळावा लागतो, नाहीतर तारा हळूहळू दृष्टिक्षेत्रातून सरकत जातो.

ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये आर्यभटाला अडवलं. पृथ्वी जर प्राणात एक कला फिरते, तर उंच वस्तू पडत का नाहीत? प्रश्न अजिबात बावळट नव्हता. विषुववृत्तावरचा माणूस सेकंदाला ४६५ मीटर वेगानं पूर्वेकडे जात असतो, मुंबईतला सुमारे ४४०. एवढ्या वेगात आपण भिरकावले का जात नाही? उत्तर धुण्याच्या यंत्रात आहे. भिरकावणारी गोष्ट नुसता वेग नसते, कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या असते. ०.००००७२९ चा वर्ग करा आणि त्याला ६३,७८,००० मीटरनं गुणा: ०.०३४ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाचा साधारण २९० वा हिस्सा. ड्रम मिनिटाला ७०० फेरे घेतो आणि १३७ पट देतो. पृथ्वी दिवसाला एकच फेरा घेते आणि तिच्या प्रचंड त्रिज्येलाही तो वर्ग खाऊन टाकतो.

पंचांगातला दुसरा कोनीय वेग आपण रोज वापरतो, फक्त त्याला तिथी म्हणतो. चंद्र सरासरी दिवसाला १३.१८ अंश पूर्वेकडे सरकतो, सूर्य ०.९९ अंश. फरक १२.१९ अंश. या दोघांमधलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. १२ भागिले १२.१९, म्हणजे तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. घड्याळाच्या काट्यांच्या गणितातली तीच वेगांची वजाबाकी, फक्त डायल आकाशाएवढी. पण चंद्राची कक्षा लंबवर्तुळी, त्यामुळे त्याचा रोजचा वेग बाराच्या किंचित खालपासून पंधराच्या वरपर्यंत बदलतो आणि तिथी कधी २० तासांत आटोपते, कधी जवळजवळ २७ तास रेंगाळते. आखूड तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली की तिचा क्षय, लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना सापडली की वृद्धी. चतुर्थी दोन दिवस आली म्हणून घरोघरी वाद होतात, त्याच्या मुळाशी चंद्राचा अंश प्रति दिवस असतो.

परत जमिनीवर. हल्ली हा घोळ सगळ्यात जास्त होतो तो जायरोस्कोपच्या बाबतीत. प्रत्येक बऱ्यापैकी मोबाइलमध्ये ही कोनीय वेग मोजणारी बारीक चिप असते. गंमत अशी, की चिप बनवणारे तिची क्षमता अंश प्रति सेकंदात छापतात, २५०, ५००, २०००. आणि अँड्रॉइडची यंत्रणा मात्र प्रोग्रॅमला आकडा देते रेडियन प्रति सेकंदात. काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो केला होता. चालू केला की अंगात आल्यासारखा घुमायचा आणि आडवा व्हायचा. तीन दिवस मोटर बदलल्या, बॅटरी बदलली, चाकांना शिव्या दिल्या. शेवटी सापडलं, की चिपकडून येणारा आकडा अंशांत होता आणि समीकरण त्याला रेडियन समजत होतं. रोबो दोन अंश झुकला की प्रोग्रॅमला वाटायचं दोन रेडियन, म्हणजे ११५ अंश झुकला! मग तो बिचारा जिवाच्या आकांतानं सावरायला जायचा. एका ओळीत ५७.३ नं भागलं आणि रोबो शहाण्यासारखा उभा राहिला. संगणकावरच्या गणनपत्रकातही हेच होतं: साइन ३० टाकलं की ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं, कारण त्याच्या लेखी ते ३० रेडियन असतात.

हे ऐकून भाच्याचे डोळे चमकले. माळ्यावर त्याच्या आजोबांचा जुना रेकॉर्ड प्लेयर आहे, तो खाली काढायला लावला. ३३ पूर्णांक एक तृतीयांश आरपीएमची तबकडी. "सहानं गुणलं की २०० अंश, मामा," तो स्वतःहून म्हणाला, "आणि रेडियनमध्ये ३.४९." एक टाकाऊ रेकॉर्ड चढवून त्यावर मोबाइल आडवा ठेवला, सेन्सरचे आकडे दाखवणारं ॲप सुरू केलं आणि बटण दाबलं. आकडा आला उणे ३.४१.

उणे का, हे त्याला सांगितलं. पडदा वर करून ठेवलेल्या मोबाइलला घड्याळाच्या उलट दिशा अधिक वाटते आणि तबकडी घड्याळाच्या दिशेनं फिरते. मोबाइल मध्याकडे सरकवला, काठाकडे सरकवला, आकडा तोच राहिला. काठावरचा मुंगळा मधल्या मुंगळ्यापेक्षा जास्त मीटर चालतो, पण दोघांचाही कोन एकाच वेगानं बदलतो. पण ३.४९ च्या जागी ३.४१ का? त्यानं ९.५५ नं गुणलं. ३२.६ आरपीएम.

"मोबाइलच्या वजनानं तबकडी दबत असेल," मी म्हणालो.

त्यानं मोबाइल उचलला, रेकॉर्डवर खडूची एक रेघ मारली आणि घड्याळ लावून बसला. दहा फेऱ्यांना १८ सेकंद लागायला हवे होते. लागले १८.४. वजन नसतानाही ३२.६ च.

मग तबकडी उचलून खालचा रबरी पट्टा बोटानं दाबून पाहिला, तर तो पुलीवर सैल पडलेला. "आजोबांची गाणी इतकी वर्षं जरा सावकाशच वाजत होती म्हणायची," असं म्हणत तो वायंडिंगवाल्याकडे तसला पट्टा मिळेल का ते विचारायला बाहेर पडला.